शिडीवरचं गाऱ्हाणं

"पोत्यान काय कळतला, सायबानु? जितो माणूस देयात," परशुराम म्हणाला.

कोल्हापूरहून आलेल्या प्रशिक्षकांनी वाळूचं पोतं बाजूला सरकवलं. जिल्हा नवा झाला, पाठोपाठ नगरपालिकेला आगीचा नवा बंब मिळाला, आणि बंबावर काम करायला गावातल्या दहा-बारा जणांनी स्वयंसेवक म्हणून नावं दिली. आज त्यांची परीक्षा होती. माडीच्या खिडकीतून जखमी माणसाला खांद्यावर घ्यायचं आणि शिडीने खाली आणायचं. नगरपालिकेच्या अंगणात सारा गाव लोटला होता.

"बरं, जखमी कोण होतंय?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"दाजीच होतले. तेंच्या वजनाचो माणूस गावात दुसरो खंय आसा?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. दाजी म्हणजे आंब्याचे बडे व्यापारी आणि बंब आणणाऱ्या समितीचे अध्यक्ष. समोर कुडाळचा फोटोवाला कॅमेरा घेऊन उभा. अशा वेळी नाही म्हणणं दाजींच्या स्वभावात नव्हतं. ते धोतर सावरत माडी चढले.

शिमग्याच्या आधी परशुरामची काजूची बाग जळाली होती. रस्त्याकडेची ती बाग दाजींना विकत हवी होती आणि परशुराम देत नव्हता. आग कोणी लावली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बोललं मात्र कोणी नाही. बोलणार कोण? सगळ्यांचे आंबे दाजींच्याच ट्रकमधून मुंबईला जायचे. परशुरामने बंबावर नाव दिलं तेव्हा हेच लोक हळहळले होते, बिचारा स्वतः पोळला, आता दुसऱ्यांना वाचवणार म्हणाले. कसला बिचारा! शिडीचा सराव पहिल्यांदा पाहिला तेव्हाच त्याने दाजींना मनातल्या मनात खांद्यावर घेतलं होतं.

आता ते खरोखरच खांद्यावर होते. मानेवर आडवे, डोकं एका बाजूला लोंबतंय, पाय दुसऱ्या बाजूला. निम्मी शिडी उतरून परशुराम थांबला.

"थांबलस कित्याक रे?" दाजी पुटपुटले.

"नव्या बंबाक गाऱ्हाणां नको, दाजी? तसोच चालू करूचो?"

नवी वस्तू आली की देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही मालवणी मुलखातली रीतच आहे. एकाने मागणं मागायचं, ओळ संपली की बाकीच्यांनी होकार द्यायचा. त्या होकारासाठी कोणी विचार करत बसत नाही. लहानपणापासून जिभेला लागलेली सवय ती. परशुरामने खडा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज हो नवो बंब गावात इलो, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंगणातून आवाज उठला.

"बंबार काम करतल्या पोरांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझे हातपाय घट ठेव आणि दाजींका सुखरूप खाली पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज दाजींचा होता. शिडी डुगडुगत होती, त्यामुळे हे मागणं त्यांना मनापासून पटलं.

"आणि दाजींनी माझी काजीची बाग पेटवल्यानी, ती तेंची चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आपण कशाला हो म्हटलं हे लोकांना बोलून झाल्यावर कळलं. आणि सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज शिडीवरून आला होता. दाजींचा. त्यांनी जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला, तोही देवासमोर आणि अख्ख्या गावासमोर. इतके महिने परशुरामच्या पोटात जे पेटलेलं होतं ते पहिल्यांदाच जरा निवलं. तो सावकाश एकेक पायरी उतरून खाली आला.

प्रशिक्षकांना मालवणी जेमतेम कळायची, गाऱ्हाण्यातलं तर अक्षरही कळलं नव्हतं. "शाबास! पास!" ते म्हणाले. "चला, जखमीला उतरवून घ्या कोणीतरी."

कोणी पुढे आलं नाही. मघाशी टाळ्या वाजवणारी पुढची रांग मागे सरकली. ज्यांचे आंबे दाजींच्या ट्रकमधून जायचे तेही सरकले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"परशा, ठेव रे माका खाली," दाजी कसंबसं बोलले.

परशुरामने रिकाम्या होत चाललेल्या अंगणावरून नजर फिरवली.

"खंय ठेवू, दाजी?"