एकाच सांगाड्याची चांदणी

प्रल्हाद चाळ सोडून गोखिवरे गावातल्या बिल्डिंगीत आला तेव्हा पन्नाशी उलटलेली. त्या वयात माणूस नवा दोस्त कुठनं आणणार? दारं सगळी बंद. दिवाळीत तो जिन्यात कामट्या बांधत बसला, तर समोरचा क्लेमेंट हसलाच, "कंदील करताय की खुराडं?" आणि शेजारी फतकल मारून बसला. दोघांनी मिळून चांदणी बांधली. "नाताळात ही माझ्या दारात हां!" तेव्हापासून सांगाडा एकच. दिवाळीला प्रल्हादकडं, मग नवा कागद चढवून नाताळाला क्लेमेंटकडं. यंदा दिवाळी सरली आणि क्लेमेंट बसल्याजागी गेला. नाताळ आला तसा प्रल्हाद पांढऱ्या कागदाची चांदणी घेऊन त्यांच्याकडं गेला. क्लेमेंटची बायको, फ्लॉसीवहिनी, दारातच म्हणाल्या, "भावोजी, दुखवट्यात आम्ही नाय लावत." त्यानं ती आपल्याच दारात टांगली. बायको म्हणाली, "अहो, आपली दिवाळी झाली की!" "झाली ना. आता पाळी त्याची."