नव्वद मिनिटांचा झेंडा

चौथा किलोमीटर संपता संपता मन्मथच्या लक्षात आलं की आप्पांची पावलं ऐकू येत नाहीत.

त्यानं मागं पाहिलं नाही. त्याच्या वडिलांना, महादेवप्पांना, कुणी वळून पाहिलेलं आवडत नसे. नांदेडला विष्णुपुरीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर रोज पहाटे दोघं असेच पळायचे. पुढं मन्मथ, मागं दहा हातांवर आप्पा. पार्किन्सनमुळं आप्पांचे पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. पण पुढं कुणाची तरी पावलं एका ठेक्यात वाजत असली की ते सुटायचे. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर मन्मथनं त्यावर मिळेल ते सगळं वाचून काढलं आणि मुद्दाम कडक तळव्याचे, वाजणारे बूट घेतले. "तुजं वाजलं की माजं उचलतंय," एवढंच आप्पा म्हणाले होते.

आज लातूरला दहा किलोमीटरची शर्यत होती. शेवटची रेषा आपल्या पायांनी ओलांडायची, आप्पांना दुसरं काही नको होतं. गोळ्या यंदा दोनदा वाढल्या होत्या आणि पुढच्या वर्षीचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. म्हणून मन्मथनं संयोजकांना गाठून पेसरचं काम मागून घेतलं. पेसरनं ठरलेल्या वेगानं, ना कमी ना जास्त, पळत राहायचं. त्याच्या मागं राहणारा त्या वेळेत पोचतो. पाठीला काठी आणि काठीवर 'नव्वद मिनिटे' असा पिवळा झेंडा. म्हणजे वेग रोजचाच राहील, आणि आप्पा थोडे मागं पडले तरी त्यांना झेंडा लांबून दिसेल. हिशोब बरोबर होता. सकाळी झेंडा बघून आप्पा म्हणाले होते की तू लग्नातल्या बँडवाल्यावानी दिसून राहिलास.

पण पिवळा झेंडा सगळ्यांनाच दिसत होता. सुरुवातीपासूनच माणसं भोवती जमत गेली. कुणीतरी म्हणालं, हा झेंडा म्हणजे बार्शीच्या एसटीचा बोर्ड झालाय, जो तो चढून राहिलाय. सगळे हसले होते, मन्मथही. आता त्याच्या मागं तीसेक जण होते. तीसेक जणांचे बूट, आणि प्रत्येकाचा ठेका निराळा.

आपल्याला आप्पांची पावलं ऐकू येत नाहीत, मन्मथच्या मनात आलं, म्हणजे त्यांनाही आपली ऐकू येत नाहीत. विष्णुपुरीच्या रस्त्यावर दोघंच असायचे. इतकी साधी गोष्ट त्यानं हिशोबात धरलीच नव्हती.

तेव्हा तो वळला. औसा रोड तिथं सरळ आहे. पार मागं, दुभाजकाला लागून एक माणूस उभा होता. अंग पुढं झुकलेलं, पाय तिथंच.

शेजारी सौदामिनी नावाच्या शिक्षिका पळत होत्या. पहिल्या वळणापासून त्या त्याच्या बरोबर होत्या. मन्मथनं खांद्यावरचा पट्टा काढून झेंडा त्यांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या की हे मला कुठलं जमायला. आत्ता चाललात तशाच चला, एवढं सांगून तो उलट्या दिशेनं पळत सुटला.

आप्पांनी त्याला येताना बघितलं. आधी त्यांची नजर त्याच्या पाठीवर गेली.

"झेंडा कुठंय?"

"दिला एका बाईंना."

"लोक तुज्या भरवशावर पळून राहिले होते ना रं." ते रागावले होते. मग खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, तू येग वाढवलास."

मन्मथनं कमरेची पाण्याची बाटली काढली. तिच्यातल्या पाण्यानं त्यानं आप्पांच्या पायापुढं एक रेघ ओढली. रेघ ओलांडा म्हटलं की कधीकधी पाय उठायचा. आप्पांचा गुडघा थरथरला, टाच किंचित सुटली आणि पुन्हा टेकली. पाणी उतारानं दुभाजकाकडं ओघळलं आणि रेघेची रेघ राहिली नाही.

सगळ्यांच्या शेवटी येणारी रुग्णवाहिका तोवर जवळ आली. तिच्या मागं दोन पोरी रस्त्यावरचे केशरी शंकू उचलून टेम्पोत टाकत होत्या. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"बसा की काका. यसी लावलाय."

आप्पांनी तिकडं बघितलंच नाही. रेषा अजून किती लांब आहे, असं त्यांनी मन्मथला विचारलं. अर्ध्याहून जास्त राहिलंय, मन्मथ म्हणाला. आप्पांनी मान हलवली. वाटेत कुणी पुढच्या गावाचं नाव सांगितल्यावर हलवावी तशी.

"चल, म्होरं हो," ते म्हणाले. "माज्याकडं बघू नको."

मन्मथ ड्रायव्हरजवळ गेला आणि थोडा वेळ इंजिन बंद ठेवता का, असं त्यानं विचारलं. ड्रायव्हरला कारण कळलं नाही. पण त्यानं आप्पांकडं बघितलं आणि किल्ली फिरवली. मागच्या पोरीही हातात शंकू धरून थांबल्या.

एकदम शांत झालं. मन्मथ आप्पांच्या चार पावलं पुढं गेला, पाठ करून उभा राहिला आणि रोजच्या ठेक्यात चालू लागला. टाच आपटून, नीट ऐकू जाईल असं.

रस्त्यावर त्याचीच पावलं वाजत होती. फार लांब जायला नको म्हणून तो ती आखूड टाकू लागला, मग आणखी आखूड, आणि शेवटी होता त्या जागीच. ठेका मात्र त्यानं सोडला नाही, आणि मागंही बघितलं नाही.