लाल दोरा

त्र्याण्णवच्या भूकंपात डोक्यावर तुळई पडली, तेव्हापासून जिलानी टेलरांना चेहरे ओळखू येत नव्हते. नजर एवढी पक्की की सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचे. पण समोरचा माणूस बोलला तरच तो कोण हे कळायचं.

त्यांची नात अलीझा उदगीरहून लातूरला क्लाससाठी त्यांच्याकडे राहायला आली होती. दर ईदला पोपटी ओढणीच घेणाऱ्या नानीला ती "मिठू" म्हणायची, पण नानांच्या न ओळखण्याची तिला धास्ती होती.

"नाना, मला घ्यायला येऊ नका. तिथं पाचशे पोरी, सगळ्या एकाच गणवेशात. भलतीलाच स्कूटरवर बसवाल अन् मार खाल."

"सगळे गणवेश मीच शिवले हायत की. उद्या येतो. तू तोंड उघडायचं न्हाई."

"चुकलात तर मी होस्टेलात राहायला जाणार."

"हाव, जा."

दुसऱ्या दिवशी क्लास सुटला. अलीझा गर्दीत ओठ मिटून उभी राहिली. नाना चार पोरींना मागं टाकून सरळ तिच्यापुढं आले.

"चल, बस गाडीवर."

"कसं काय ओळखलं?"

"तुझ्या बटनांना लाल दोरा हाय. बाकी सगळ्यांना पांढरा."

"लई डोकं चालवलं, नाना!"

"माझं कुठलं? ही युक्ती तुझ्या नानीची. तीस वर्षांपासूनची."

त्या ईदला दुकानदारानं नानीपुढं सगळे रंग पसरले. नानीच्या आधी अलीझाच म्हणाली, "चाचा, पोपटीच द्या."