सांधा

गुड फ्रायडेची प्रार्थना सुरू व्हायची वेळ झाली, तरी चर्चचा क्रूस हरिदास सुताराच्या अंगणात आडवाच पडलेला. दोन लाकडांचा सांधा अजून डुगडुगत होता. क्रूस न्यायला चर्चमधून आलेल्या रिनाने खिळ्यांचा पुडा पुढे केला. हरिदासने तो बाजूला सारला आणि पुन्हा पटाशी उचलली.

"लोकं ताटकळून राह्यले, हरिदासभाऊ. मारा ना दोन खिळे!"

"नाई मारत."

रिनाच्या मनात पाल चुकचुकली. गावात कोणी याचे कान तर भरले नसतील?

"काऊन नाई? देव आमचा हाय म्हून?"

हरिदासने खाचेत लाकडी पाचर ठोकली. सांधा गच्च बसला.

"तुमचाच कसा, बाई? सुताराचं पोर ना तो? त्याले एकदा खिळे मारले, तेवढे पुरे."