मलय यादीतला दहावा शब्द

माझं माहेर फोंड्याचं, सासर धसईचं. गावात कोकणी येणारी मी एकटीच, म्हणून सत्त्याण्णव साली मुरबाडच्या कॉलेजात शिकणारी संघरत्ना वही घेऊन माझ्या ओटीवर आली. कोकणीचे दहा शब्द मलेशियातल्या मलय भाषेशी जुळले, तरच सर तिला प्रकल्पाला तो विषय देणार होते. अट एकच, शब्द तिने सुचवायचा नाही, माझ्या तोंडून यायला हवा.

तिने टेबलावर हात ठेवला. मी म्हटलं, "मेज."

"तिकडे मेजा!" तिने टाळीच वाजवली.

साबणाला मी साबू म्हटलं, तिकडे साबुन निघालं. असे नऊ शब्द जुळले.

"आता शेवटचा. मुकुट घालून सिंहासनावर बसतो, तो कोण?"

तो शब्द आमच्या ह्यांच्या नावात सुरुवातीलाच येतो, आणि लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी उखाणा सोडून मी ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"पत्त्यांत राणीच्या वर असतो बघ, तो," मी म्हटलं.

"त्याला म्हणतात काय पण? आजी, माझा विषय जाईल हो!" तिचे डोळे भरून आले.

शेवटी मी तोंडाला पदर लावला आणि पुटपुटले, "राजा."

"जुळला!" संघरत्ना ओरडली.

एरवी चार हाका मारल्या तरी न हलणारे आमचे हे आतून धावत आले.

"पोरी," ते तिला म्हणाले, "त्या यादीत 'राम' पन टाक ना. एकदाचं नाव पुरं होऊ दे माझं."