एकेचाळीस नंबर

“एकेचाळीस नंबरला आज लाल करायचं,” हवालदारीण म्हणाली आणि तिने कागद डॉक्टरांच्या चहाशेजारी आपटला.

तिचं काम खरं तर नोंदी ठेवण्याचं. पण अपघात विभागात सगळे मागून तिला हवालदारीण म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. आसपासच्या गावांतल्या चार इस्पितळांत दुखतंय म्हणून कोण किती वेळा आलं आणि अफूच्या जातीच्या गोळ्या लिहून घेऊन गेलं, याची यादी ती रोज जुळवायची. आज तिला दुपारीच निघायचं होतं. भावंडांत आईला सांभाळायची पाळी आता तिची होती, ताई गाडीने घेऊन येणार होती.

एकेचाळीस नंबर अकरा वेळा आला होता. आधी नदीपलीकडच्या इस्पितळात, मग कारखान्याजवळच्या, मग टेकडीवरच्या. डॉक्टर बदलले, औषध तेच.

“एकीकडे संशय आला की दुसरीकडे. चांगला मुरलेला आहे.”

“एखाद्याचं खरंच दुखत असेल,” डॉक्टर म्हणाले. “वय काय?”

यादीत वय नव्हतं. नाव नव्हतं, बाई की बुवा तेही नव्हतं. ते रकाने तिनेच भांडून काढायला लावले होते. वय दिसलं की माणूस विरघळतो आणि हात सैल सोडतो, असं तिचं म्हणणं. लाल निशाण लागलं की महिनाभर कुणालाच काढता येऊ नये, हा नियमही तिचाच. गयावया करणाऱ्यांची तिला चीड होती, आणि त्यांना भुलणाऱ्या डॉक्टरांची त्याहून जास्त.

“माझ्या भावाचंही खरंच दुखत होतं,” ती म्हणाली.

धाकट्या भावाने पाठ दुखते म्हणून चार दारं फिरून गोळ्या जमवल्या होत्या. एकानेही आधीची चिठ्ठी मागितली नाही. शेवटी त्याला याच विभागात तिसऱ्या खाटेवर आणलं, तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला सहा वर्षं झाली, तरी ती रोज डोक्यात राख घालूनच कामावर यायची.

डॉक्टरांनी सही केली. निशाण तिने स्वतः लावलं. ‘या गोळ्या देऊ नयेत,’ असा शेरा लिहिला आणि दोनदा तपासला.

घरी पोचली तर ताईची गाडी दारात उभी होती. आई मागच्या सीटवर मुटकुळं करून बसली होती, अर्धी झाली होती. प्रवासाने अंग आखडलंय एवढंच, असं ती हसून म्हणाली. मग पाय खाली टाकला आणि किंचाळली.

हवालदारणीने तशीच गाडी इस्पितळाकडे वळवायला लावली. वाटेत आई ओठ चावून कण्हत होती आणि ताई रडत होती.

“मणक्यात गाठ आहे तिच्या. हाडं पोखरलीत,” ताई म्हणाली. “गोळ्या काल संपल्या. म्हटलं, तू इस्पितळात आहेस, इथे तरी लगेच मिळतील.”

“आणि मला आज सांगतेस? दादाने नाही, मधल्याने नाही, तूही नाही?” रागाने तिचा आवाज फाटला.

“तुझ्यासमोर गोळीचं नाव काढायची सोय आहे का? आईच म्हणाली, तिला कळू देऊ नका, तिच्या जखमेवर मीठ नको. तिघांनी आपापल्या गावात कसंबसं निभावलं.”

आईला तिसऱ्या खाटेवर ठेवलं. नर्सने तिचं कार्ड यंत्रात घातलं आणि डॉक्टरांना हाक मारली.

“काहीतरी द्या हो तिला,” हवालदारीण हात जोडून म्हणाली. “खरंच दुखतंय तिचं.”

डॉक्टरांनी फक्त स्क्रीन तिच्याकडे वळवला. लाल चौकटीत सकाळचा शेरा होता, खाली तिचंच नाव, आणि वर आकडा होता एकेचाळीस.