आखाजीसाठी कॉम्प्युटर

"हजारवाला दे," धनसिंग आबांनी काचेवर बोट टेकवलं. "मोठा तोच चांगला."

स्वप्नीलला हसू आलं. धुळ्यात आग्रा रोडवरच्या त्याच्या दुकानात कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घ्यायला येणारी गिऱ्हाइकं दोनच प्रकारची. एक म्हणणार, कॅबिनेटच्या डब्यासोबत येतो तोच चालव. दुसरं म्हणणार, सगळ्यात मोठा दे.

"आबा, विहिरीला पाणी तेवढंच असेल तर दहा हॉर्सपॉवरची मोटर बसवून काय करायचं? हे मशीन पूर्ण जोर लावून चाललं तरी चारशे वॉट खाईल. साडेसहाशेचा पुरे. पण माल अस्सल हवा. इथे हात आखडला तर हा एक दिवस जातो, आणि जाताना मदरबोर्डलाही सोबत नेतो."

"मंग अस्सलच दे. मशीन बंद पडनं का पोरनं माहेरपण सरनं."

पोर म्हणजे सारिका. घरांचे नकाशे कॉम्प्युटरवर उभे करायचं काम ती पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या करायची. कामाचं मशीन सासरी, आणि त्याच्यावर नवऱ्याचंही काम चाले. त्यामुळे आखाजीला, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायच्या सणाला, तिच्या वाट्याला जेमतेम दोन दिवस यायचे. झोका बांधून होतो न होतो तोच परतीची बस. यंदा माहेरच्या घरातच दुसरं मशीन बसलं की पोर निवांत राहील, असा आबांचा बेत होता.

हे ऐकून स्वप्नील पेटलाच. त्याची बहीण दिपमालाही दर आखाजीला अशीच यायची आणि पिशवी पुरती न उघडताच निघायची.

"सासरा कसा आहे हो तिचा?"

"कंजूस," आबा म्हणाले.

"वाटलंच मला!"

"हट्टीबी शे. सारिकाना हातना चहा नही भेटना, ते त्याना दिन निंघत नही."

"म्हणजे कपभर चहासाठी पोरीला अडकवून ठेवतो? आबा, अशा माणसाला एकदा चांगलं सुनावलं पाहिजे."

"सुनाव ना," आबा मनापासून म्हणाले. "कोनी तरी सुनावालेच पाहिजे."

मग काय, स्वप्नीलने त्या न पाहिलेल्या सासऱ्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. आबा मान डोलावत ऐकत होते. मध्येच त्यांनी रुमालाने डोळे टिपले. बापाचं काळीज, स्वप्नीलच्या मनात आलं, आणि त्याचा आवाज आणखी चढला.

"बरं, घरी व्होल्टेज कसं असतं?"

"संध्याकायले पंप चालू व्हयनात का बल्ब मिचमिच करस, आसं सारिका सांगस."

"बोर्ड कुठल्या भिंतीला आहे? वायर किती लांब आणू?"

"ते तठेच देखू."

या वयाच्या माणसाने घरातला बोर्ड कधी पाहिला असेल तर शपथ! स्वप्नीलने व्होल्टेज पडलं तरी तग धरणारा पॉवर सप्लाय निवडला. मशीन त्याने स्वतः जोडलं, तासन् तास चालवून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आबांना गाडीत घालून सारिकाचं माहेर, पिंपळनेर गाठलं. साक्री रस्त्याच्या खड्ड्यांतून आबांनी डबा तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरला होता.

दार एका आक्कांनी उघडलं. आबांना पाहून त्यांनी घाईने पदर सावरला, पाणी दिलं आणि चहाला आत गेल्या. आबा खाटेच्या कडेवर टोपीसकट बसून राहिले. इतक्या साध्या माणसाच्या वाट्याला तसला सासरा यावा, याचं स्वप्नीलला पुन्हा वाईट वाटलं.

त्याने बोर्ड बदलला, तारा ओढल्या, मशीन सुरू केलं. दिवस कलताना शेतांतले पंप लागले. छतावरचा बल्ब मिणमिणू लागला. आबा श्वास रोखून पडद्याकडे बघत होते. पडदा जसाच्या तसा लख्ख!

"जमनं!" आबांनी टाळी वाजवली आणि स्वप्नीलला मिठीच मारली. स्वप्नीललाही भरून आलं. पोरीसाठी एवढं करणारा बाप त्याने पाहिला नव्हता.

तेवढ्यात शेतावरून एक गृहस्थ आले. त्यांनी दारातच चपला काढल्या, आधी मशीनकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि दोन्ही हात जोडले.

"रामराम व्याही! मनी पोरकरता तुम्ही इतलं करं?"